अकरा वेळा पडलं, अकरा वेळा उठलं

तळघरातल्या त्या कॉम्प्युटरच्या खोलीत सगळे दिवे हिरवे होते, आणि नेमकं तेच तिला खटकत होतं.

हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेतले रिपोर्ट वॉर्डांत पाठवणारा प्रोग्राम महिनाभरात अकरा वेळा बंद पडला होता आणि दर वेळी दोन सेकंदांत आपला आपणच उठला होता. कुणाला पत्ताही नाही. त्याच महिन्यात नवजात बाळांच्या वॉर्डातले अकरा रिपोर्ट गायब झाले होते. तिथली नर्स म्हणजे तिची वहिनी. ‘रिपोर्ट तुम्ही हरवलेत’ अशी मेट्रनची, म्हणजे मुख्य परिचारिकेची, नोटीस वहिनीच्या हातात पडली होती. उत्तर आज चारपर्यंत द्यायचं होतं.

“सर, आजच्यापुरतं पडलं की पडूनच राहू द्यायचं?”

तिच्या साहेबांना सगळे मुकादम म्हणत. “नणंद-भावजयीचं एवढं सख्य जन्मात पहिल्यांदा बघतोय,” ते म्हणाले. “अगं, पडलेलं उठतंय, तर तुझ्या का पोटात दुखतंय?”

“उठतंय खरं. पण पडताना हातात जे होतं, ते जातं कुठे?”

मुकादमांनी खुर्ची स्क्रीनकडे वळवली.

“कर. पण बोंबाबोंब झाली तर फोन तू घ्यायचेस.”

तिने आपोआप उठण्याची सोय काढून टाकली. साडेअकराला दिवा लाल झाला आणि लालच राहिला. आत एकच रिपोर्ट अर्धवट अडकला होता. बाळ दोन दिवसांचं, अजून नाव न ठेवलेलं, म्हणून नावाचा रकाना रिकामा, आणि तिथेच प्रोग्राम अडखळून पडला होता. तिने आकडे वॉर्डात फोनवर कळवले, रिपोर्टची प्रत काढली आणि मग स्वतःच्या हाताने प्रोग्राम सुरू केला.

रिपोर्ट गायब!

प्रोग्राम सुरू होताना पाळतो त्या सूचना तिने उघडल्या. एक ओळ होती: उठताना अर्धवट रिपोर्ट पुसून टाकायचा. लिहिणारे मुकादम. तारीख पाच आठवड्यांपूर्वीची.

“त्याच रिपोर्टवर पुन्हापुन्हा आपटायचं गं,” मुकादम खुर्चीतूनच म्हणाले. “पुसला की सुरळीत. वाटलं, चाचणीचा कचरा असेल.”

“नोटीस निघाली तेव्हाही हेच वाटलं?”

त्यांनी चष्मा काढून पुसला.

तिने नवा नियम लिहिला: पडलं तर उठव, पण अडकलेला रिपोर्ट बाजूला ठेव आणि लगेच माणसाला कळव.

“मेट्रनला मी सांगतो,” मुकादम उठले. “तू बस.”

ती बसली नाही. त्या ओळीचा छापील कागद घेऊन ती त्यांच्या आधी लिफ्टपाशी पोचली.

“चला सर. मीही येते.”