लाल जर्सी काचेत जाणार नाही

मी लाल जर्सी बोलतेय. फळीवर उभं राहून लाटेवरून घसरत यायच्या स्पर्धा असतात ना, सर्फिंगच्या, त्यातली. आवाज जरा चढा वाटेल. वाटू दे. काल एक माणूस येऊन मला टेपने मोजून गेला, बाह्यांसकट. मला काचेच्या चौकटीत बसवायचं आहे म्हणे, खाली पितळी पाटी लावून. असं गेलेल्या माणसांचं करतात. मी अजून आहे. तेव्हा आधी माझं ऐकून घ्या.

माझा जन्म एका लांबलचक हॉलमध्ये झाला. चाळीस मशिनं, चाळीस बाया, आणि वर गरगरणारे पंखे, ज्यांचा वारा कुणालाच लागत नव्हता. मला शिवणारी बाई माझ्या काखेपाशी येऊन थांबली. "इथे शिवण जाड राहिली तर घालणारीची कातडी सोलून निघेल," असं म्हणून तिने ती उसवली आणि पुन्हा सपाट मारली. सुपरवायझर ओरडला, एका नगाला एवढा वेळ कशाला? ती मान वर न करता म्हणाली, "एकदा तुमच्या काखेत घालून बघा, मग बोला."

तिचा तो तिखटपणा माझ्या धाग्यात उतरला असावा.

आम्ही चौघी बहिणी. लाल, निळी, पिवळी, पांढरी. स्पर्धेत एका फेरीला चार जण पाण्यात उतरतात. पंच लांब किनाऱ्यावर, मचाणावर बसलेले. तिथून त्यांना ना चेहरा दिसतो ना नाव. दिसतो तो रंग. "लालने घेतली, लालला सात गुण," असं ते बोलतात. म्हणून अंगात जर्सी नसेल तर तुम्ही कितीही मोठे असा, पाण्यात तुम्ही कुणीच नाही. अर्ध्या तासाची फेरी, ज्याच्या उत्तम दोन लाटांची बेरीज जास्त तो पुढे. एवढाच हिशेब.

बायका आणि पुरुष, दोघांनाही आम्हीच. एका ओल्या अंगावरून निघायचं, गोड्या पाण्याच्या बादलीत बुडी मारायची आणि दुसऱ्या अंगावर चढायचं. त्यामुळे मी माणसं आतून ओळखते. कॅमेऱ्यासमोर पोट आत ओढणारे, फळीची पापी घेणारे, कुणाचंही न ऐकणारे, सगळ्यांची छाती फेरी सुरू करणाऱ्या भोंग्याआधी सारखीच धडधडते. थंडीने आणि भीतीने माणसं पाण्यात आणखी काय करतात तेही मला ठाऊक आहे. ते मी सांगत नाही. मावशीला माहीत आहे, ती आम्हाला धुते.

ही मावशी म्हणजे आमची मालकीणच. एक टेबल, दोन बादल्या, एक वही. वहीत रंग, सही आणि वेळ. ओली जर्सी अंगाला अशी घट्ट बसते की एकट्याने निघतच नाही. "हात वर," म्हणून मावशी खालून धरते आणि एका झटक्यात उलटी करून ओढते. मोठमोठे विजेते तिच्यापुढे शाळेतल्या पोरांसारखे हात वर करून उभे राहतात. तिने कुणाची भीड ठेवली नाही. "केवढे केस आहेत रे अंगावर, माझी लाल जर्सी अडकतेय," असं एका विजेत्याला चारचौघांत म्हणाली होती.

माझ्या छातीवर जाहिरातदारांची नावं चढली आणि उतरली. आधी थंड पेयवाला, मग फोनवाला, मग रंगाचे डबे विकणारा. प्रत्येक जण इस्त्रीने चिकटवून गेला आणि वर्षभराने खरवडून निघाला. डिंकाचे डाग मात्र माझ्याकडे राहिले. दर वर्षी खुर्च्या कमी, लोक कमी. खेळाडूंची नोकरी मोठी आणि खेळ लहान होत गेला. वरचे चार-पाच सोडले तर बाकी कुणी हॉटेलात वेटर, कुणी गवंडी, कुणी रात्रपाळीची नर्स.

मग एकदा स्पर्धेच्या मॅनेजरने सगळ्यांना मंडपात बोलावलं. इस्त्रीचा शर्ट आणि वाळूत बूट घालणारा हा माणूस. म्हणाला, "पुढच्या वर्षापासून स्पर्धा तलावात. बटण दाबलं की लाट. सगळ्यांना तीच, तेवढीच. वाट बघणं नाही, नशिबाचा खेळ नाही, दोन तासांत कार्यक्रम आटोपला."

खोटं कशाला बोलू, त्याचं सगळंच चूक नव्हतं. समुद्र चार-चार दिवस झोपून राहतो. लोक खुर्च्या मिटून घरी जातात, कॅमेरेवाले पत्ते कुटतात. पण हजार लाटांतून आपली कोणती हे ओळखणं, ती दुसऱ्याच्या आधी गाठणं, नको ती सोडून देणं, यातच निम्मी विद्या आहे. ती त्या तलावात कुठे शिरणार? तिथे एकेकाने उतरायचं, पडद्यावर नाव येणार. रंगांची गरजच नाही. आणि जागा किती? पुरुषांना बारा. बायकांना दोन.

"दोनच का हो?" मावशीने मागून विचारलं.

"वेळेत बसत नाही, मावशी."

"बारा बसतात, दोनावर तिसरी बसत नाही. छान आहे घड्याळ तुमचं."

तर अंतिम फेरीतल्या पहिल्या दोघी तलावात जाणार, बाकीच्यांचा खेळ संपला, असं ठरलं. त्या चौघींत माझ्या वाट्याला आली खेकडी. हे तिचं टोपणनाव. डावा गुडघा दोनदा उघडून शिवलेला, म्हणून वाळूत तिरकी चालते. वय पस्तीस. एका शेडमध्ये मोडक्या फळ्या दुरुस्त करते, फळ्यांतल्या काचतंतूंची धूळ बसून तिचे हात कायम खाजतात. ती बाळंतपणाला गेली तेव्हा तिच्या कंपनीने पत्र पाठवलं, अभिनंदनाचं. करार संपल्याचा कागद त्याच पाकिटात होता.

अंतिम फेरीची सकाळ. वारा जमिनीकडून होता. असा वारा असला की लाटेचं अंग गुळगुळीत राहतं, ती उभी चढते आणि कडेकडेने सावकाश फुटते. अकरा वाजले की वारा फिरतो, समुद्राकडून येतो, मग सगळं पाणी विस्कटतं. म्हणून वेळापत्रकात बायकांची फेरी आठला होती आणि पुरुषांची नऊला. चौघींनी सह्या केल्या, मावशीने आम्हाला त्यांच्या अंगावर चढवलं. खेकडीने नणंदेला फोन लावला. पोरगी तिच्याकडे होती.

"वहिनी, जिंका नाहीतर बुडा, पण संध्याकाळच्या आत घरी या. ही माझं डोकं खातेय," नणंद म्हणाली.

खेकडी हसली. मला तिच्या बरगड्या हलताना कळल्या.

तेवढ्यात मॅनेजर पळत आला. थेट प्रक्षेपण एकच तास मिळणार होतं, आठ ते नऊ. "पुरुषांची फेरी आधी घेतोय. बायकांचं अकरानंतर बघू. मावशी, जर्स्या काढून घ्या."

"अकरानंतर तिथे धुणं बडवायचं पाणी असतं," मावशी म्हणाली.

"काढत नसाल तर पुरुषांना दुसरा जोड आणा मग."

"कुठून आणू? शिवू नका म्हणालात ना यंदा. पुढच्या वर्षी तलावच आहे, कशाला खर्च, म्हणालात."

 मॅनेजर चौघींकडे वळला. "काढा बघू पटकन."

खेकडीने फळी वाळूत रोवली. विस्कटलेल्या पाण्यात तिचा गुडघा दहा मिनिटं टिकला नसता, हे तिला ठाऊक होतं आणि त्यालाही. "काढा की," ती म्हणाली. "या, तुम्हीच काढा."

निळीवाली तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. मग पिवळीवाली, पांढरीवाली. एकमेकींच्या तोंडचा घास काढायला निघालेल्या चार बायका, पण त्या घटकेला एकही हात वर झाला नाही. मी तर पहाटेच्या दवात भिजलेली. अशी चिकटून बसले की कात्री लावली असती तरी निघाले नसते.

"मावशी, तुम्ही काढा!"

मावशीने दोन्ही हात एप्रनच्या खिशात घातले. "आज बोटं आखडलीत माझी."

पुरुषांच्या फेरीतला विजेता, तोच केसाळ, बाजूला उभा होता. त्याचा एक सोबती पुटपुटला, "काय नाटकं आहेत." विजेत्याने त्याला कोपर मारलं आणि फळी आडवी टाकून तिच्यावर बसला. "आमची नऊची आहे," म्हणाला. "आम्ही नऊला येऊ."

मॅनेजरने मचाणाकडे मान वर करून हाक मारली. मुख्य पंच म्हणजे चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला म्हातारा. त्याने घड्याळ पाहिलं, खाली पाहिलं. "मला चार रंग दिसतायत. वहीत सह्या आहेत. आठ वाजले. मी गुण द्यायला बसलोय, कपडे बदलायला नाही. भोंगा वाजवा."

तो भोंगा मी अजून विसरले नाही.

पाणी काचेसारखं होतं. खेकडीने पहिल्या दोन लाटा सोडल्या. बाकीच्या तिघींनी गुण घेतले, किनाऱ्यावरून कुणी ओरडलं, झोपलीस का! ती बसून राहिली. तिसरी लाट मात्र तिने लांबूनच ओळखली. मला तिच्या पाठीचा ताण कळला, तिने पाण्यात तीन हात मारले आणि ती उभी. लाटेच्या भिंतीवर तिने मोठ्या मोठ्या वळणांनी असं काही लिहीत नेलं की मचाणावरचा म्हातारा उभा राहिला. दहापैकी नऊ.

आता एकच बरी लाट हवी होती. ती यायला अठरा मिनिटं लागली. शेवटच्या मिनिटाला ती आली, खेकडीने घेतली, दोन वळणं सुरेख मारली, तिसऱ्याला गुडघा वाकला तो सरळ झालाच नाही. आम्ही दोघी पाण्याखाली गेलो. वर आलो तेव्हा भोंगा वाजत होता.

तिसरी आली. अर्ध्या गुणाने तलाव हुकला.

"हात वर," मावशी म्हणाली. खेकडीने हात वर केले. मी निघाले तशी मावशीने विचारलं, "रडतेस?"

"खारं पाणी आहे, मावशी. हरले. पण गुळगुळीत पाण्यात हरले. अकराला जिंकले असते तरी झोप आली नसती."

त्या दिवशी मॅनेजरने जर्स्या कचऱ्यात टाकायला सांगितल्या. मावशीने टाकल्या, स्वतःच्या पिशवीत.

तलावाची स्पर्धा झाली. निळीवाली जाऊन आली. मानधन चांगलं आहे म्हणाली, लाटही झकास. "पण ती येणार हे आधीच माहीत असतं गं. छातीत काही होतच नाही." परत आल्यावर दुसऱ्याच सकाळी ती या किनाऱ्यावर हजर.

कारण आता इथे आमची स्वतःची स्पर्धा आहे. दोन टेबलं, चार रंग, दोरीच्या चष्म्याचा म्हातारा आणि तोच भोंगा. बायकाही येतात, पुरुषही. नियम मावशीचा: चांगलं पाणी ज्याच्या वेळेला येईल ते त्याचं, मध्ये कुणी घुसायचं नाही. प्रक्षेपण नाही. लोक मात्र खुर्च्या घेऊन येतात, आणि लाट नसेल तर एकमेकांची उणीदुणी काढत बसतात.

आणि आता मॅनेजरला मी हवी आहे. ती सकाळची फेरी लोकांनी सगळ्यात जास्त पाहिली म्हणे. तलावाच्या दाराशी मला लटकवायचं, म्हणजे आत शिरताना लोकांना वाटेल की मी तलावाचीच.

टेप गुंडाळणाऱ्या त्याच्या माणसाला मावशी म्हणाली, "साहेबांना सांग, जर्सी धुवायला टाकलीय."

"कधी वाळेल?"

"नाही वाळत ती."

माझा रंग उडालाय. उजव्या काखेची शिवण उसवलीय, तीच सपाट मारलेली, आणि मावशी रात्री चष्मा लावून ती शिवते आहे. मला मऊ हातांनी हाताळायची गरज नाही. जपून ठेवायचं असेल तर ते सकाळचं पाणी ठेवा आणि त्यात उतरायचा ज्याचा-त्याचा, जिचा-तिचा वेळ ठेवा. मी फाटेपर्यंत वापरायची वस्तू आहे. फाटले तर चिंधीने फळ्या पुसा, पण ओल्या ठेवा मला.

उद्या वारा जमिनीकडून आहे. आठची फेरी खेकडीची. नणंद पोरीला घेऊन येणार आहे, स्वतःची खुर्ची आणून. मावशी म्हणेल, "हात वर," आणि मी खेकडीच्या अंगावर चढेन. मग ज्याला मला काढायचं असेल त्याने पाण्यात यावं. बूट काढून.