वाफेपलीकडची हाक

"डोंगऱ्या, हात!"

पैलवानाची हाक आली तसे त्याने हात मागे घेतले. चादर रोलरखाली शिरली आणि त्याच्या बाजूने गरम, कडक होऊन बाहेर आली. त्याने ती दोन्ही टोकांना धरली, घडी घातली, थप्पीवर ठेवली. पलीकडून पुन्हा आवाज आला, "डोंगऱ्या, हात!"

मोठ्या दवाखान्याच्या तळघरातली ही धुलाई. वरच्या मजल्यांवर माणसं बरी व्हायची किंवा व्हायची नाहीत, चादरी मात्र दोन्हीकडच्या खालीच यायच्या. एका प्रेसला माणसं दोन लागत, एक पुढून चादर घालणारा आणि एक मागून घेणारा. मध्ये रोलर आणि वाफ, त्यामुळे एकमेकांचं तोंड दिसायचं नाही. चादर कधी आत चुरगळून अडकली, तर मागच्याला हात घालून सोडवावी लागे. त्याच वेळी पुढच्याने दुसरी चादर सोडली तर बोटं गेलीच म्हणून समजा. म्हणून आधी हाक द्यायची, मग चादर. आणि हाकेत नाव हवंच, कारण शेजारी आणखी तीन प्रेस होते आणि तिथेही सगळे 'हात, हात' असंच ओरडत.

त्याचं नाव डोंगऱ्या पडलं ते पहिल्याच दिवशी. पैलवानाने विचारलं होतं, "कुठला रे तू?" त्याने हाताने वरची दिशा दाखवली. "म्हणजे डोंगऱ्या!" पैलवान म्हणाला. नाव ठेवणं आणि नावं ठेवणं अशी दोन्ही कामं त्याने एका दमात उरकली. शहरात तिकडच्या सगळ्यांनाच डोंगऱ्या म्हणत. 'डोंगऱ्याला घरात घ्या आणि भांडी मोजा' अशी म्हणच होती, आणि ती चांगली शिकलेली माणसंही हसत हसत म्हणत.

पैलवान स्वतः काडीसारखा होता. पंखा जोरात लावला तर उडून जाईल म्हणून लोकांनी त्याला पैलवान केलं होतं. त्यामुळे त्याला वाटे, नावाचं काय एवढं, मलाही ठेवलंय की. पण पैलवानाच्या नावामागे कुणी भांडी मोजत नव्हतं, हा फरक त्याच्या ध्यानात कधी आला नाही. मनाने माणूस सोन्यासारखा होता. डोंगऱ्याची बायको वरच्या मजल्यावर शेवटच्या आजारात पडली होती, तेव्हा पैलवान रोज काम संपल्यावर वर जाऊन तिच्याशी दोन विनोद करून यायचा. ती गेली त्या दिवशी तिच्या खाटेवरची चादर खाली आली. पैलवानाने ती गुपचूप बाजूला काढली आणि स्वतः धुतली, डोंगऱ्याच्या हाताला लागू दिली नाही.

हे एकीकडे. दुसरीकडे लेक होती. शाळेत असताना एकदा ती घरी आली आणि कपड्याच्या साबणाने हातपाय घासत बसली, पार लाल होईपर्यंत. वर्गात तिला त्याच नावाने हाक मारली होती. तो दारात उभा राहून बघत राहिला. आता ती दूर कुठे नोकरीला होती आणि सुट्टीच्या दिवशी फोन करायची.

"बाबा, अजून तुम्हाला तसंच म्हणतात?"

"म्हणतात गं. सवय झाली."

"सवय कसली? तुम्ही ऐकून घेता म्हणून म्हणतात."

"बरं, जेवलीस का?"

असं बोलणं जेवणावर येऊन थांबायचं.

मग एक दिवस कँटीनच्या भिंतीवर सूचना लागली. कुणालाही त्याच्या जमातीवरून, प्रदेशावरून, रंगावरून हाक मारायची नाही. तिकडच्या लोकांना 'पर्वतीय बंधू' म्हणावं. पुढच्या महिन्यात तो कागद निघाला आणि नवा लागला: 'उंच प्रदेशातील नागरिक'. कुणीतरी म्हणालं, "म्हणजे हा आता उंच झाला का? वरच्या फळीवरची थप्पी काढायला तर अजून स्टूल लागतंय!" सगळे हसले, तोही हसला. पैलवान सूचना वाचून म्हणाला, "चादर रोलरमध्ये जाणार, आणि मी 'अहो उंच प्रदेशातील नागरिक, हात' म्हणेपर्यंत याची बोटं पापडासारखी लाटून निघतील." आणि त्याने हाक बदलली नाही.

तक्रार केली ती नव्या मुलीने. ती कपडे निवडायच्या खोलीत लागून थोडेच दिवस झाले होते. तीही तिकडचीच. एरवी मान खाली घालून काम करायची. एका दुपारी ती त्याच्या प्रेसमागे येऊन उभी राहिली.

"काका, मी लिहून दिलंय."

"काय?"

"ते तुम्हाला हाक मारतात ना, तेव्हा तिकडे निवडायच्या खोलीत सगळे माझ्याकडे बघून हसतात. हाक तुम्हाला असते काका, पण ती मलाही बसते."

त्याने हातातल्या चादरीची घडी घातली, थप्पीवर ठेवली.

चौकशी होईपर्यंत ते नाव घ्यायचं नाही, असा पैलवानाला हुकूम आला. पैलवान बिथरला. दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडून हाक आली ती चाचरत, "अहो... हात!"

सगळी धुलाई खो खो हसली. "अहो म्हणतोय! उद्या उखाणा घे!" शेजारच्या प्रेसवाला ओरडला. पैलवानाने पुन्हा 'अहो' म्हटलं नाही. नुसतं 'हात' म्हणू लागला. दुपारी शेजारच्या प्रेसचा 'हात' याला आपला वाटला, आणि आपला आला तेव्हा तो शेजारचा वाटला. चादर अंगठ्याला चाटून गेली. फोड आला, तेवढ्यावर निभावलं.

"लागलं का रे?" पैलवान धावत आला. त्याने अंगठा थंड पाण्याखाली धरला, फुंकर घातली. "बघ, हे असं होणार. तू त्यांना सांगून टाक बाबा. आपल्यात काय असतं? मला काही वाटत नाही म्हण. नाहीतर मला नदीपलीकडच्या दवाखान्यात टाकतील. तिथे मी कुणाशी बोलू?"

"सांगतो," तो म्हणाला. आणि तो सांगणारही होता. पैलवान गेला तर दुपारचा डबा कुणाबरोबर उघडायचा, एवढा एकच प्रश्न त्याच्यापुढे होता. घरी तर भिंतीच होत्या. पण निवडायच्या खोलीतली ती मुलगी एकटी पडेल, हेही त्याला कळत होतं. रात्रभर तो मनाशी घोकत राहिला, मला काही वाटत नाही, मला काही वाटत नाही.

चौकशीला बाहेरच्या एक बाई आल्या होत्या. चांगल्या होत्या, आवाज चढवत नव्हत्या. टेबलाच्या एका बाजूला पैलवान, दुसऱ्या बाजूला तो, आणि भिंतीकडच्या खुर्चीवर ती मुलगी, दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून.

"तुम्ही यांना किती वर्षं ओळखता?" बाईंनी पैलवानाला विचारलं.

"वीसेक वर्षं झाली की. भावासारखा आहे तो मला."

"यांचं नाव काय?"

पैलवानाने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. त्याने छताकडे पाहिलं, मग याच्याकडे पाहिलं. परीक्षेत शेजारच्याकडे बघावं तसं. "आता... आठवत नाही बुवा एकदम. आहे काहीतरी छानसं." आणि तो हसला. खोलीत दुसरं कुणी हसलं नाही.

याने मान खाली घातली. नाव त्याचं त्यालाही परकं झालं होतं. आई घ्यायची ते. बायको 'अहो' म्हणायची, लेक 'बाबा' म्हणते. आई गेल्यावर ते नाव कुणाच्या तोंडी आलंच नव्हतं. पण पैलवानाला ते ठाऊक असेल असं त्याने धरलं होतं. कशाच्या जोरावर, देव जाणे. बाईंनी समोरच्या कागदावरून ते वाचलं, वडिलांच्या नावासकट, आणि त्याला वाटलं, कुणा सभ्य, नीटनेटक्या माणसाबद्दल बोलणं चाललंय.

"यांची ती हाक तुम्हाला लागते का?" बाईंनी त्याला विचारलं.

घोकलेलं सगळं ओठांवर होतं. त्याने मुलीच्या हातांकडे पाहिलं. साबणाने लाल झालेले दुसरे हात त्याला आठवले.

"लागते," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी लागली. मग रोज थोडी थोडी."

पैलवानाचा चेहरा पडला. "मग बोलला का नाहीस कधी?"

"तू विचारलं नाहीस कधी."

हुकूम आठवड्याभरात निघाला. पैलवानाची बदली नदीपलीकडे. तोवरचे दिवस ते दोघे त्याच प्रेसवर होते. साहेबांनी मध्ये एक घंटी बसवून दिली होती, पुढून बटण दाबलं की मागे वाजायची. चांगली सोय होती, बोटं शाबूत राहत होती. पैलवान त्याच्याशी अदबीने बोलू लागला. "तुम्ही आधी जेवून घ्या." "तुमची थप्पी घेऊन जाऊ का?" वीस वर्षांच्या शिवीपेक्षा हे 'तुम्ही' त्याला जास्त झोंबलं. अरे-तुरे कर रे, असं म्हणावंसं वाटायचं, पण ते कुठल्या तोंडाने म्हणणार? जे मागितलं तेच तर मिळालं होतं. दुपारी पैलवान डबा घेऊन दुसरीकडे जाऊ लागला. झरोक्याखाली दोघे बसायचे त्या उलट्या टबावर हा एकटा बसायचा, आणि मधोमध न बसता आपल्या अर्ध्या भागावरच बसायचा.

मुलगी एकदा येऊन म्हणाली, "काका, बरं केलंत. आता कुणी हसत नाही." तिचा चेहरा उजळलेला होता. ते पाहून त्याला खरंच बरं वाटलं. मग तिला कुणीतरी बोलावलं आणि ती गेली. तिला मैत्रिणी झाल्या होत्या.

पैलवानाच्या जागी आलेला माणूस गप्प होता. कुणाला काय म्हणावं याचा सगळ्यांनीच धसका घेतला होता, तेव्हा कुणी काहीच म्हणत नव्हतं. घंटी वाजायची, तो हात मागे घ्यायचा, चादर यायची.

एका सकाळी चादरींचा ढीग पडला होता आणि चारही प्रेस धडधडत होते. दाराकडून कुणीतरी नाव पुकारल्यासारखं त्याच्या कानावर आलं, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. वरच्या मजल्यावर पेशंटला पुकारतात तसं. पुन्हा एकदा आलं. असेल कुणीतरी, म्हणून त्याने घडी घातली, थप्पीवर ठेवली.

थोड्या वेळाने मुलगी आली. "काका, तुम्ही ओ का नाही दिलीत?"

"कुणाला?"

"ते पैलवान. चहाचा मग राहिला होता त्यांचा, तो न्यायला आले होते. दारातून दोनदा हाक मारली तुम्हाला. पूर्ण नाव घेऊन. पाठ केल्यासारखं. मग म्हणाले, असू दे, रागावलाय तो. आणि गेले."

त्याने हातातली चादर खाली टाकली. असं त्याने आजवर कधी केलं नव्हतं. मागे घंटी वाजू लागली. तो दारापर्यंत गेला, मग उतारावरून वर रस्त्याच्या कडेपर्यंत गेला. मळक्या चादरींची एक ढकलगाडी भिंतीला टेकून उभी होती. रस्त्यावर माणसं येत-जात होती, सगळी अंगापिंडाने भरलेली. काडीसारखा त्यांत कुणी नव्हता.

तो तिथे उभा राहिला. मग हळूच, कुणाला ऐकू जाणार नाही असं, म्हणाला, "ओ."