एक लाईन, दोन हाका

मित्रांनो, मालेगावच्या पोस्टाच्या मागच्या खोलीत, रिकाम्या टपालपिशव्यांच्या आडोशाला एक उभं लाकडी धूड दिसतं ना? लोकांना ते कपाट वाटतं. कुणी त्यावर छत्री अडकवतं, कुणी चहाचा कप ठेवतं. पण कपाट नव्हे बरं का, तो मी आहे. गावोगावच्या हाका जुळवणारा टेलिफोनचा बोर्ड.

एका मोठ्या कारखान्यात मी घडलो. सागवानी अंग, पितळेच्या झडपा, आत तारा असलेल्या काळ्या दोऱ्या. आगगाडीने वाशिमला उतरलो आणि तिथून धान्याच्या पोत्यांवर बसून ट्रकने मालेगावला आलो. तेव्हा आम्ही अकोला जिल्ह्यातच मोडायचो. मला पाहायला अख्खं गाव लोटलं होतं. बायांनी हळदकुंकू वाहिलं. एका म्हातारबाबांनी तर माझ्यापुढे वाकून हॅलो म्हणून पाहिलं!

मला चालवायच्या बेबीताई वानखडे. रोज सकाळी मऊ फडक्याने त्या माझी एकेक झडप पुसायच्या. आई निजलेल्या लेकराचं तोंड पुसते ना, तशा. त्या पुसण्याची आठवण आली की अजून जीव कासावीस होतो.

आता माझं काम ऐका. मालेगाव आणि वाशिम यांच्यामध्ये एकच लाईन होती. वाशिमच्या ऑपरेटरने, म्हणजे बापूरावांनी, हँडल फिरवलं की हाक आल्याची खूण म्हणून माझी झडप पडायची. बेबीताईंनी हँडल फिरवलं की तिकडची झडप पडायची. ज्याची झडप पडली त्याने ऐकायचं आणि दोरी लावून ज्याचा कॉल त्याला जोडून द्यायचा. वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. पण गावात फोन वाढले आणि बाजाराच्या दिवशी मला काहीतरी होऊ लागलं.

कापसाचे व्यापारी गुलाबसिंग अकोल्याचा भाव विचारायचे, तर पलीकडून उत्तर यायचं, "माही पोरगी बोलते का वं आता?"

"कोन पोरगी? भाव सांगा भाव!"

"भाव कायचा? तुमी कोन बोलून राह्यले? गोजराले द्या ना फोन!"

दोघंही चिडून फोन ठेवायचे. पलीकडचा आवाज असायचा चंपतचा. तो खंडव्याला रेल्वेच्या गँगमध्ये कामाला होता. त्याची मुलगी दुर्गा इकडे मालेगावात जन्मली, आणि त्याने तिचा आवाज अजून ऐकला नव्हता. दर बाजाराच्या दिवशी तो कॉल लावायचा. त्याची बायको गोजराबाई मळ्यातली भाजी बाजारात सासूजवळ टाकून, दुर्गाला कडेवर घेऊन पोस्टातल्या बाकावर येऊन बसायची. माझ्या झडपांकडे ती अशी पाहायची, की मलाच हाक मारावीशी वाटे. पण माझ्याजवळ स्वतःचा आवाज कुठला?

संध्याकाळी ती तशीच परत जायची. दारातून सासूचा टोमणा ऐकू यायचा, "झाला वं फोन? नव्या लुगड्याले बाकावरची धूळ तेवढी लागली!"

बेबीताईंनी वाशिमच्या मेकॅनिक देवमनभाऊंना बोलावलं. ते आले, त्यांनी माझं अंग उघडलं, तार न् तार तपासली, वाशिमला हँडल मारून पाहिलं. सगळं ठीक.

"बोर्ड तं ठणठणीत हाये, ताई."

"मंग तुमी गेले की याले ताप काहून येते?"

"लबाड लेकरू असते ना, डॉक्टर पाह्यला की खेळाले लागते. तसं हाये हे!"

सगळे हसले. मी मात्र आतून रडवेला झालो. लबाडी माझी नव्हती हो!

मग खंडव्याहून सुटीवर आलेल्या एका गाववाल्याने निरोप आणला. चंपतची गँग दूर रानातल्या रेल्वेलाईनवर जाणार होती. तिथे फोन नाही, कधी परतणार ते ठाऊक नाही. पुढच्या बाजाराला तो अखेरचा कॉल लावणार होता. आणि गाववाला मान खाली घालून म्हणाला, "वहिनी, त्याले वाटते तुमालेच बोलाचं नाई. दरवेळी गडी मानूस फोन उचलते म्हने."

 गोजराबाईने दुर्गाच्या डोक्यावरचं कुंचडं नीट केलं, पुन्हा नीट केलं, आणि तशीच उभी राहिली.

त्या बाजाराच्या दिवशी देवमनभाऊ सकाळीच आले. पाना-पक्कड पिशवीतच ठेवून नुसते स्टुलावर बसले. "आजवर मी बोर्ड तपासला, ताई. बाजार तपासलाच नाई."

आणि त्यांना दिसलं. लाईनवर कुणी बोलत असलं की इकडे बेबीताई हँडलवर हात ठेवून टपलेल्या, तिकडे बापूरावही टपलेले, हे त्यांना फोनवर विचारून कळलं. बोलणं संपलं रे संपलं, की दोघं एकाच क्षणी हँडल फिरवायचे. बेबीताईंना वाटायचं, वाशिमने आपल्याला ओ दिली. बापूरावांना वाटायचं, मालेगावने दिली. हाक कुणीच ऐकली नाही आणि दोघांनी आपापलं गिऱ्हाईक जोडून दिलं! रिकाम्या दिवशी कुणी टपलेलं नसायचं, म्हणून दोष सापडायचा नाही.

"मंग मी थांबत जाईन, बापूराव," बेबीताई फोनवर म्हणाल्या.

"नाई ताई, मीच थांबतो. तुमचा कॉल म्हंजे आमचा पाव्हणा. पाव्हणा आधी."

"अन् तुमचा आमचा पाव्हणा नाई का?"

झालं! पुढल्या वेळी लाईन मोकळी झाली आणि दोघंही थांबले. पोस्टात लोक ओरडू लागले. मग बिचाऱ्यांनी पुन्हा एकदमच हँडल फिरवलं.

देवमनभाऊंनी कपाळाला हात लावला. "अशानं पंगत उठाची नाई! दोघंबी यजमान झाले तं जेवन कोन? एकदाच ठरवा. मालेगाव यजमान, वाशिम पाव्हणं. लाईन सुटली की आधी वाशिमची हाक. ताई, तुमी कान लावून इचारा, 'काई हाये का?' ते नाई म्हनले, तवाच हँडल मारा."

दुपार झाली. लाईन मोकळी झाली. गुलाबसिंग ओरडले, "ताई, लावा ना माझा नंबर!" बेबीताईंचा हात हँडलकडे गेला, आणि त्यांनी तो मागे घेतला. कान लावला. "वाशिम, काई हाये का?"

"हाये ताई, हाये! खंडवा!"

गोजराबाईच्या हाती रिसीव्हर आला.  तिने तो दुर्गाच्या तोंडाशी धरला. घरभर कलकल करणारी पोर, पण ऐन वेळी गप्प! डोळे मोठे करून माझ्याकडेच पाहत राहिली.

"बोल ना वं माय," चंपत विनवत होता. "गोजरा, हाये ना ती तिथं?"

"हाये जी. ऐकून राह्यली तुमाले."

कॉलची ठरलेली वेळ संपत आली. बेबीताईंनी गुलाबसिंगांकडे पाहिलं. पुढचा नंबर त्यांचा होता. त्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "माझा भाव कुठं पळत नाही. बोलू द्या बाप-लेकीला."

आणि दुर्गाला शिंक आली! एवढीशी, मांजरीच्या पिलासारखी.

खंडव्याहून हसू आलं, मग हुंदका. "औक्षवंत व्हय, माय माही! औक्षवंत व्हय!" माझ्या दोऱ्यांमधून आजवर गेलेल्या सगळ्या शब्दांत मला तेवढेच जपून ठेवता आले असते, तरी पुरलं असतं.

आता नवीन यंत्र आलंय. आपोआप जोडणारं. बेबीताईंची बदली झाली. माझ्या दोऱ्या उंदरांनी कुरतडल्या, त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. पण मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या हाका वाहणारी यंत्रं बांधेल. ती रिकाम्या दिवशी तपासून निश्चिंत होऊ नका, गर्दीत तपासा. दोन हाका एकदम आल्या तर आधी कुणाची, ते अगोदर ठरवून ठेवा. कारण वाट चुकलेली हाक यंत्राला कळत नाही. ती कळते फक्त बाकावर लेकरू घेऊन बसलेल्या बाईला.