वीस औंस

"वो दूर रखो," डॉक्टर नाकाला रुमाल लावत म्हणाले.

लघवीचं भांडं घेऊन श्यामराव दारातच थांबले. समता कॉलोनीतल्या या नर्सिंग होममध्ये ते चौदा वर्षं रुग्णांची लघवी मोजत होते. राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झाली, इमारतीला काचा लागल्या. त्यांचं काम तेच राहिलं.

डॉक्टर तक्ता बघत होते. "कल सुबह से सिर्फ बीस एमएल? किडनी बंद हो रही है. डायलिसिस की तैयारी करो."

खाटेशेजारी बसलेल्या शांताबाईंनी नवऱ्याचा हात घट्ट धरला.

"साहब, बीस एमएल नहीं, बीस औंस है," श्यामराव म्हणाले.

ही भांडी मालकांच्या भावानं गेल्याच आठवड्यात अमेरिकेहून भेट पाठवलेली. त्यांवर नुसत्या औंसाच्या खुणा. पहिल्याच दिवशी श्यामरावांनी पाचशे मिलिलिटर पाणी मोजून आत ओतलं होतं. ते सतराच्या खुणेपाशी आलं, म्हणजे एक औंस साधारण तीस मिलिलिटर. नर्स रूपालीला त्यांनी सांगितलंही होतं, "तीसनं गुणून लिहा लागते, दीदी." "बाद में देखते हैं, काका," ती तोंड फिरवून म्हणाली होती.

तक्ता तिनंच लिहिला होता; आता ती खाली बघत होती.

"डॉक्टर तुम हो या मैं?"

श्यामरावांना किळस आली. लघवीची नव्हे, त्या रुमालाची. माणसाला सुया टोचायला हे तयार, पण भांड्यात वाकून बघायला नाही.

त्यांनी तोंड कापलेली सलाइनची बाटली डॉक्टरांसमोर टेबलावर ठेवली आणि भांडं तिच्यात ओतू लागले. शंभर, दोनशे, चारशे. पाचशेची खूण आली तरी भांड्यात लघवी उरलीच होती. डॉक्टर दोन पावलं मागे सरकले. मग त्यांनी तक्त्यावरचा आकडा खोडून सहाशे लिहिला.

"टेबल फिनाइल से पोंछ देना," म्हणाले आणि गेले.

"आप पहले बताते न, काका," रूपाली म्हणाली. श्यामरावांनी टेबल पुसलं, कोपरापर्यंत साबणानं हात धुतले.

शांताबाईंनी थर्मास उघडला. रूपालीला स्टीलच्या पेल्यात चहा दिला. "भाऊ, तुम्ही देवासारखे धावले," म्हणत श्यामरावांचा कागदी कप त्यांनी खिडकीत ठेवला.

श्यामरावांनी हात पुढे केला होता. "धुतले मी हात, बाई."

"हव, पन राहू द्या तिथंच. घ्या तुम्ही."

श्यामरावांनी कपाला हात लावला नाही. पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा लघवीसाठी केव्हाचा ताटकळला होता. त्यांनी त्याच्या पाठीखाली हात घालून त्याला हळूच उठवून बसवलं.