बोकामामाने सुचवलेलं झाड

समजा, तुम्ही नऊ वर्षांचे आहात. थंडीने नाकाचा शेंडा बधिर झालाय, हातात करवत आहे, समोरच्या टेकडीवर नाताळची शेकडो झाडं उभी आहेत आणि त्यांतलं एक तुम्हाला निवडायचंय. मजा वाटते ना? आता असंही समजा, की निवड चुकली तर जन्मभराचं नाव पडणार आहे. म्हणजे हेटी एकेका झाडापुढे का अडत होती ते तुम्हाला कळेल.

कॅनडात, नोव्हा स्कोशियातल्या तिच्या आजोळची रीतच तशी होती. पोर नऊ वर्षांचं झालं की त्या वर्षीचं झाड त्यानेच निवडायचं आणि बर्फात पालथं पडून त्यानेच कापायचं. व्हर्नन मामाने त्याच्या पाळीला एक डौलदार, निळसर झाड आणलं होतं. गोठलेलं होतं तोवर ते गुणी बाळासारखं उभं राहिलं. शेकोटीची ऊब लागली, आणि घरभर मांजराच्या मुताचा वास सुटला. ते निघालं पांढरं स्प्रूस, उबेत घाण मारणाऱ्या जातीचं. जेवायला आलेल्या पाद्रीबाबांनी मांजरीकडे रागाने पाहिलं आणि त्या निरपराध जिवाला बर्फात जावं लागलं. तेव्हापासून तो बोका, आणि हेटीचा बोकामामा. पुढे डोक्यावरचे केस गळले, नाव काही गळलं नाही.

झाडांच्या मळ्यात शिरल्या शिरल्या सगळ्यांनाच अक्कल फुटली. बाबा फ्रेझर फर जातीच्या बाजूचे, कारण त्याची सुयांसारखी पानं जानेवारीपर्यंत झडत नाहीत आणि घरात झाडू त्यांच्याच हातात असतो. आईला हवं होतं बाल्सम फर. वास नसलेलं झाड आणायचं तर प्लास्टिकचंच आणा, आणि त्याच्यापुढे बसून प्लास्टिकची टर्की खा, असं तिने सुनावलं. हेटीला निळं स्प्रूस आवडलं होतं, पण ते इतकं टोचरं की सजवायला चिलखत घालावं लागलं असतं.

आईबाबांची जुंपलेली पाहून बरोबर आलेल्या मामाने हेटीला हळूच कुंपणाकडे नेलं. तिथलं झाड खरंच देखणं होतं, भरघोस आणि निळसर.

"हे घे. निळंच आहे, जरा मऊ जातीचं," मामा म्हणाला.

हेटीने एक सुई बोटांत फिरवली. फरची सुई चपटी असते, ती फिरत नाही. ही गरगर फिरली, म्हणजे स्प्रूस हे नक्की. पण कुठलं? तिने हुंगून पाहिलं, तर वासच नाही. त्या गारठ्यात कशालाच वास नव्हता. मात्र मामा आज फारच गोड वागत होता. त्याने घसरगाडी ओढली होती, वर स्वतःचं गरम चॉकलेटही तिला दिलं होतं.

हेटीने त्या झाडाची एक डहाळी मोडली आणि कोटाच्या आत डाव्या काखेत दाबली. शेजारच्या बाल्समची उजव्या काखेत.

"हे काय चाललंय?" मामाने विचारलं.

"अंडी उबवतेय."

आईबाबांचं भांडण सुयांवरून सासरच्या माणसांपर्यंत पोचेतो ती तशीच उभी राहिली. मग तिने उजवीकडची डहाळी काढली. संत्र्याच्या सालीसारखा गोड वास आला. डावीकडची काढली. मांजर, आणि तेही म्हातारं.

हेटीने मामाकडे पाहिलं. मामा आभाळाकडे पाहत होता.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"इतकी वर्षं एकट्याने सांभाळलं गं ते नाव," तो पुटपुटला. "वाटलं, आता कुणीतरी पुढे चालवावं. ताईला सांगू नकोस हं."

हेटीने विचार केला. सांगणार नाही म्हणून तिने मान डोलावली, आणि मामाला खाली वाकायला लावून त्याची लोकरी टोपी मायेने कानांवर ओढली. तेवढ्यात डावीकडची डहाळी तिने टोपीच्या घडीत खोल खोचून टाकली. मग ती बाल्समखाली बर्फात पालथी पडली आणि करवत चालवायला लागली.