सासूबाई देव झाल्या

सत्त्याहत्तर वर्षं, सात महिने, सात दिवस भरले की आम्हा नेपाळच्या नेवारांत माणूस देव होतो. गेल्या शनिवारी माझ्या सासूबाई, अष्टमाया, अशाच देव झाल्या. मुलांनी त्यांना रथात बसवून बंदीपूरच्या बाजारातून विंध्यवासिनीच्या देवळापर्यंत ओढत नेलं. माझा नवरा तीर्थलाल धापा टाकत होता.

"नीट ओढ की रे! बायको जेवायला घालत नाही का?" देव रथातून ओरडला.

जेवायला मीच घालते, पण देवाला कोण उलट बोलणार?

एवढा थाट कशासाठी, ते मला ठाऊक होतं. दोघा भावांची दुकानं खाली नारायणगढला. डोंगरावरचं हे कोरीव खिडक्यांचं घर त्यांना हॉटेलवाल्याला द्यायचंय, आणि सासूबाई जागच्या हलत नाहीत. खूश झाल्या की ऐकतील, असं त्यांना वाटत होतं.

घरी आल्यावर सगळे पाया पडले. शकुनाचं अंडं आणि सुकी मासळी हातात देऊन धाकट्या दिरानं विषय काढला.

"आई, आता खाली आमच्याकडे राहायला चल."

सासूबाईंनी अंडं सावकाश संपवलं.

"काल म्हणाला असतास तर आलेही असते. गुडघे दुखतात माझे. पण आज तुम्हीच मला गावादेखत देव केलंत. आता देवाला देवळातून उठवून दुकानामागच्या खोलीत ठेवणार?"

धाकटा माझ्याकडे बघायला लागला. मी उठून पुन्हा सासूबाईंच्या पाया पडले. या वेळी मनापासून.