टाकीखालची मुलाखत

मी बोलतोय, पण माझा आवाज तुम्ही ओळखणार नाही. लॅपटॉपच्या पोटात एका स्क्रूच्या आधाराने बसलेलं मी वायफाय कार्ड. नेट चाललं तर माझी आठवणही कुणाला होत नाही. अडलं की खापर मात्र माझ्याच डोक्यावर.

माझा पहिला मालक यवतमाळचा. त्याने नवा लॅपटॉप घेतला आणि जुना माझ्यासकट विकून टाकला. तेव्हापासून मी घाटंजीजवळच्या एका गावात, दीपमालाकडे आहे. पोरगी गुणाची. तिच्या मोबाइलचं नेट मी पकडायचो आणि त्यावर ती लॅब टेक्निशियनचा अभ्यास करायची.

परवा तिला नागपूरच्या एका दवाखान्याचा फोन आला. नोकरीची मुलाखत, लॅपटॉपवर, दुसऱ्याच दिवशी. आणि नेमक्या त्याच दुपारी लॅपटॉपने अपडेट घेतला! उठून पाहतो तर माझा जुना दुभाषा गायब. ड्रायव्हर म्हणतात त्याला. माझं बोलणं तोच लॅपटॉपला समजावतो. नव्याला माझी बोलीच कळेना. मी ओरडतोय आणि लॅपटॉप ढिम्म.

"नेट काहून येऊन नाही राह्यलं?" दीपमाला रडकुंडीला आली.

"टाकीखाली नेऊन पाह्य वो, तिथं रेंज राह्यते," तिची आई मथुराबाई म्हणाली.

आमच्या गावात फोन लागेना की सगळे पाण्याच्या टाकीखाली धावतात. झालं, लॅपटॉप घेऊन वरात निघाली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

टाकीच्या ओट्यावरही काही दिसेना. तेव्हा तिचा भाऊ विक्की पेचकस घेऊन आला. "कार्डच मेलं. काढून फेकतो, यवतमाळहून नवं आणतो."

खरं सांगतो, मी घाबरलो. नवं येईस्तोवर मुलाखत होऊन गेली असती.

दीपमालाने त्याचा हात धरला. "थांब ना रे. सकाळपर्यंत तं चालू होतं. मंग बदललं काय?" तिने लॅपटॉप पुढ्यात ओढला. "अपडेट!"

तिने सेटिंग उघडली. माझ्या नावापुढे पिवळी खूण होती. जुना ड्रायव्हर परत आणायचं बटण तिने दाबलं आणि लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला.

माझा दुभाषा परत आला! मी झडप घालून तिच्या मोबाइलचं नेट पकडलं.

"म्या म्हटलं नोतं का, टाकीखाली येते म्हणून!" मथुराबाई म्हणाली. तिचं म्हणणं कुणी खोडून काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलाखत त्याच ओट्यावर झाली. विक्की बकऱ्या हाकलत उभा होता. पडद्यावरच्या दवाखान्याच्या बाईंनी विचारलं, "मशीन अचानक चुकीचे आकडे देऊ लागली, तर काय कराल?"

"लगेच उघडणार नाही," दीपमाला म्हणाली. "ती चांगली चालत होती, त्यानंतर काय बदललं, ते आधी शोधीन."

बाई हसल्या. "कधीपासून येऊ शकाल?"

हा प्रश्न मीच पकडून आणला, याचा मला फार अभिमान आहे. आता मीही तिच्या बॅगेत नागपूरला निघालोय. तुमचं नेट अडलं तर पेचकस खुशाल उचला, पण त्याआधी दीपमालासारखं एकदा विचारा, बदललं काय? आत आम्ही जिवंत असतो हो.